पालखीला खांदा आणि तोंडावरची दाढी : आमच्या ग्रामस्थ मंडळाला आणि मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद, ग्रामस्थ मंडळ व मुंबई मंडळ,
तसेच मानकरी, महिला मंडळ आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सगळे लहानथोर

सप्रेम नमस्कार,

गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात आपली दरवर्षीची मीटिंग झाली. शिमग्याच्या नियोजनाचा विषय चालू असताना एक ठराव आला, की येत्या शिमग्याला पालखीला खांदा देणारा प्रत्येक पोरगा क्लीन शेव्ह पाहिजे, दाढीवाल्याने दांड्याला हात लावायचा नाही. मी बोलायला उठलो होतो हे समोर बसलेल्या सगळ्यांनी बघितलंय, पण मुंबईकरांच्या गाड्या सुटायची वेळ झाली होती, कुणीतरी मंजूर मंजूर म्हटलं आणि विषय पुढे गेला. प्रोसिडिंगमध्ये "सर्वानुमते" लिहिलंय. ते सर्वानुमते नव्हतं, म्हणून हे पत्र लिहितोय आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ठरावपण सगळ्यांसमोरच झाला.

ठराव मांडताना जे कारण दिलं ते पण इथे लिहायला पाहिजे. "रील मुंबईपर्यंत जातात, बघणारे विचारतात हा गाव नक्की कुणाचा आहे." एवढंच वाक्य. त्याचा अर्थ काय असं कुणी विचारलं नाही, कारण अर्थ सगळ्यांना कळला होता.

आता माझ्या दाढीबद्दल. काही वर्षं झाली मी दाढी ठेवलीय, आणि तेव्हापासून मला जे प्रश्न आलेत ते मी आठवतो तसे लिहितो. पहिल्या आठवड्यात वरच्या घरची आजी पाणंदीत भेटली, हातातला हारा खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "काय रं बाबू, कोन गेला काय तुमच्यातला?" ती काळजीने विचारत होती, मला तिचं वाईट वाटलं नाही, सुतकात दाढी करत नाहीत हे तिला माहीत आणि मला पण माहीत. मग बाजारात प्रश्न आला वहिनीला दिवस गेलेत काय, कारण बायको गरोदर असली की नवऱ्याने दाढी-केस काढू नयेत असं आपल्याकडे पाळतात. मग नवस बोललायस काय. मग शबरीमलाला जातोयस काय. हे सगळे प्रश्न नाही म्हणून संपले, आणि त्यानंतर जे आले त्यांचा सूर वेगळा होता. धंद्यात खोट आली काय, बायकोशी पटत नाय काय, तब्येत बरी आहे ना, आणि मग हसत हसत, पाठीवर थाप मारून, "काय मियाँ, नमाजाला चाललास?"

मी यावर बराच विचार केलाय आणि मला एक गोष्ट दिसते. आपल्याकडे दाढीला कारण लागतं आणि शेवटची तारीख लागते. श्रावणात बघा. आषाढी अमावास्येच्या आधी शेवटची दाढी होते आणि मग महिनाभर अर्ध्या वाडीच्या तोंडावर जंगल असतं, बँकेतला कॅशियर, शाळेतले गुरुजी, रिक्षावाले सगळे, आणि कुणी कुणाला एक शब्द विचारत नाही. श्रावण पाळतोय म्हटलं की झालं. पिठोरी अमावास्या झाली की गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत सलूनमध्ये बसायला जागा नसते, बाहेर बाकड्यावर पोरं ताटकळत असतात. तीच दाढी, तेच तोंड, पण तिथे कारण माहीत आहे आणि ती कधी जाणार ते पण माहीत आहे. हर्णैच्या बंदरात जा, खोल पाण्यात कितीतरी दिवस काढून आलेल्या बोटीवरचे खलाशी उतरतात, सगळ्यांचे गाल खुंटांनी भरलेले, कारण बोटीवर गोडं पाणी प्यायला आणि जेवायला पुरवायचं असतं, दाढीला कोण घालवणार. लिलावाला आलेल्या माणसाने त्यांना कधी विचारलंय, तुझा गाव कुठला म्हणून? पण बिनकारणाची दाढी, एखाद्याला फक्त आवडली म्हणून ठेवलेली दाढी, ही लोकांना सहन होत नाही. मग ज्याला जे सुचतं ते कारण तो स्वतःच चिकटवतो, आणि माणूस त्या कारणाने ओळखला जायला लागतो.

माझं कारण मी सांगतो, मला आवडते. याच्यापेक्षा जास्त काही नाही आणि असायची गरज पण नाही.

हे सगळं मी एकटाच झेलत असतो तर कदाचित पत्र लिहिलं नसतं. माझ्या आधी माझ्या बायकोला झेलायला लागलं. हळदीकुंकवाला गेली की तिला विचारायचं, "नवऱ्याला सांगत नाहीस काय गो? तुझा ऐकत नाय?" म्हणजे माझ्या गालावरचे केस हा तिच्या संसाराचा निकाल झाला. महिला मंडळातल्या काकी-वहिनींना माझी कळकळीची विनंती आहे, तिला हे विचारू नका. तिने ते माझ्यापासून कितीतरी दिवस लपवलं होतं, मला वाईट वाटेल म्हणून.

बाजारातल्या ज्या सलूनमध्ये मी जातो तिथला दादा माझ्या बाबांची दाढी करायचा, आता माझी सेट करतो. त्याचं काम बघण्यासारखं असतं. ब्लेडचं पाकीट फोडतो, कागदातच ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो आणि अर्धं कागदात गुंडाळून बाजूला ठेवतो. आधी ट्रिमरने लांबी सारखी करणार, मग गालावरची आणि गळ्याखालची लाईन वस्तऱ्याने, एका हाताने कातडी ताणून धरणार आणि श्वास रोखल्यासारखा गप्प राहणार. मग ओली तुरटी फिरवणार. तो सांगतो की पूर्वी पोरं नुसती दाढी काढायला यायची, आता सेट करायला येतात आणि त्याला जास्त वेळ लागतो, पैसे पण बरे मिळतात. त्याने अजून एक गोष्ट सांगितली जी मला मीटिंगमध्ये सांगायची होती. आपल्याच वाडीतली पोरं मोबाईलमधला फोटो दाखवतात आणि म्हणतात महाराजांसारखी कर. शिवजयंतीच्या आधी तर रांग लागते. टोकदार दाढी, कानाकडे वळवलेल्या मिशा, कपाळावर चंद्रकोर. त्या पोरांचा मीटिंगमध्ये कौतुकाने उल्लेख होतो, मुंबई मंडळाच्या बॅनरवर त्यांचे फोटो असतात. मग दाढी वाईट कशी? चंद्रकोर असली की दाढी अभिमानाची आणि चंद्रकोर नसली की गावाच्या नावाला बट्टा, असं असेल तर तुमचा आक्षेप दाढीला नाहीच. आक्षेप कुणाला आहे ते मोकळेपणाने बोला.

मी बोलतो. आक्षेप हा आहे की आपला पोरगा खालच्या मोहल्ल्यातला वाटेल.

मोहल्ल्यातला माझा एक दोस्त आहे, आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलो. त्याच्या घरात आपल्यासारखीच बोली बोलतात, त्याचे आजोबा आपल्या खळ्यात बसून आंब्याचे सौदे करायचे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. गेल्या वर्षी आम्ही दोघं त्याच्या बाईकवरून चिपळूणला निघालो होतो, मागे थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फात सुरमई होती, त्याच्या बहिणीकडे द्यायची. सणाचे दिवस, वाटेत पोलिसांचा तपासणी नाका लागला होता. आम्हाला थांबवलं. दोघांना दाढी. माझं लायसन बघितलं, नाव वाचलं, आणि त्या माणसाचा चेहराच बदलला, "अहो मग असं कशाला फिरता" म्हणाला, हसला, लायसन परत दिलं. दोस्ताचं लायसन हातातच ठेवलं. त्याला बॉक्स सोडायला लावला. चिकटपट्टी सोडली, झाकण काढलं, बर्फ बाजूला केला, मासे उचलून दाखवायला लावले, एकेक, रस्त्याच्या कडेला, उन्हात. मी म्हणत होतो साहेब आम्ही एकत्रच आहोत, माझ्याकडे लक्षच नाही. शेवटी सोडलं. पुढे जाऊन त्याने बाईक थांबवली, पाण्याच्या बाटलीने हात धुतले, आणि रागाने नाही, अगदी साधं बोलला, "तुजी दाढी लायसन दाकवल्यावर उतरते रे. माजी नाय उतरत." मग बॉक्स परत बांधला आणि आम्ही चिपळूणला गेलो.

मला जे हसत हसत "मियाँ" म्हणतात त्यांना मी आता हे सांगतो. तुम्ही मला चिडवत असता, पण शिवी त्याला देत असता. त्याचं नाव, त्याचा धर्म हा माझ्या तोंडावर मारायचा शब्द कधीपासून झाला? आपल्या किनाऱ्यावर हे लोक काल आलेले नाहीत, शेकडो वर्षं इथे आहेत, बोटी, आंबा, आखाती देशातल्या नोकऱ्या, सगळ्यात आपल्या बरोबरीने आहेत. ज्या महाराजांच्या दाढीचा फोटो पोरं सलूनमध्ये दाखवतात त्यांच्या आरमारात दौलतखान होता, १६७९ साली खांदेरी बेटाजवळ इंग्रजांशी लढताना मायनाक भंडारी आणि दौलतखान एकाच बाजूला होते. आपल्याच दापोली तालुक्यात केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे, महाराजांनी त्या स्थानाला इनाम दिल्याचं तुमच्या-आमच्या घरातले म्हातारे सांगत आलेत. तिथल्या उरुसाला आपल्या वाडीतून माणसं जातात, नारळ नेतात. मग गाव कुणाचा हा प्रश्न रीलवर कुणी विचारला तर उत्तर द्यायला आपल्याला लाज कसली वाटते?

आणि पालखीचं म्हणाल तर जरा आठवा की पालखीबरोबर कोण असतो. शिमग्याच्या खेळातलं सोंग, संकासूर असतो. काळा पोशाख, कमरेला घुंगरं, आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी. लहान पोरं त्याला घाबरून आईच्या पदरात घुसतात आणि त्याच आया नंतर त्याच्या पाया पडतात, नवस बोलतात. चिपळूणजवळच्या डोंगरावरच्या ज्या परशुरामाने ही भूमी समुद्रातून काढली असं आपण मानतो, त्याचं कॅलेंडरवरचं चित्र काढून बघा. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा, दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वे, दाढीशिवाय यांचा चेहरा डोळ्यापुढे येतो का?

कर्व्यांचं नाव घेतलंच आहे तर त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ते आपल्या अगदी शेजारचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं, सख्ख्या आईच्या घरात राहायची चोरी झाली. त्या काळात ब्राह्मण घरातली बाई विधवा झाली की तिचं केशवपन करायचे, ती लहान पोर असली तरी. बाईच्या डोक्यावर केस ठेवायचे की नाही हे गाव ठरवायचा आणि त्याला धर्म म्हणायचा. त्याच सुमाराला, १८९० मध्ये, मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. माझ्या दाढीची आणि त्या बायकांच्या दुःखाची मी बरोबरी करत नाही, करणार पण नाही. पण माणसाच्या अंगावरच्या केसांवर गावाचा हक्क आहे ही जी समजूत आहे ती तिथलीच आहे, आणि ज्या कर्व्यांना वाळीत टाकलं त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, आज मुरूडमध्ये त्यांचा पुतळा आहे आणि आपण सहल घेऊन तिथे जातो.

जिथे खरं कारण असतं तिथे मी भांडत नाही. लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काम करणाऱ्या पोरांना दाढी काढायला सांगतात कारण गॅसचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेने फट राहते, आणि त्या फटीतून काय आत जाईल ते सांगता येत नाही. आपली जी पोरं जहाजावर आहेत त्यांना आगीच्या ड्रिलमध्ये मास्क लावायला लागतो, तिथे पण तेच. फौजेचे नियम वेगळे, नेव्हीत परवानगी काढून दाढी ठेवता येते, हवाई दलात तसं नाही आणि २०१६ साली सुप्रीम कोर्टाने हवाई दलाची बाजू मान्य केली. ठीक आहे, तिथे शिस्त आणि युनिफॉर्म हे कामाचा भाग आहेत, सही करून माणूस जातो. पालखीला खांदा देताना कसला मास्क लावायचाय? देवाने आजपर्यंत कुणाची हनुवटी तपासलीय? मानकऱ्यांना विचारा, जुन्या रिवाजात असं काही आहे काय. मी दोघांना विचारलं, दोघांनी नाही म्हटलं.

आता ज्याच्यासाठी मला खरं तर हे लिहायला बसावं लागलं त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळेल कोण ते. आपल्या वाडीत पालखी त्याच्यासारखी कुणी नाचवत नाही. ढोलाचा ठोका बदलला की त्याचा खांदा आधी बदलतो, दांडा डोक्यावर घेऊन तो गुडघ्यात वाकतो तेव्हा सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागेवर, उभी असलेली माणसं गप्प होतात. त्याचे केस कुरळे आहेत, दाढीचे पण. अशा केसांची गुळगुळीत दाढी केली की कापलेलं टोक टोकदार राहतं आणि वाढताना वळून परत कातडीत घुसतं, तिथे लाल फोड येतात, पू होतो, डाग राहतात, आणि आपल्याकडच्या घामात, दमट हवेत ते अजून चिघळतं. यावर कातडीचे डॉक्टर पहिली गोष्ट हीच सांगतात की वस्तरा बंद कर, दाढी वाढू दे, नाहीतर ट्रिमरने थोडी लांबी ठेवून काप. त्याला पण हेच सांगितलंय. ठराव झाल्यावर चार दिवसांनी तो गुळगुळीत दाढी करून आला, कुणी बोलायला नको म्हणून, आणि आठवड्याने त्याचा गळा आणि जबडा सगळा फोडांनी भरला होता, शर्टाची कॉलर लागली तरी कळवळायचा. मी त्याला म्हटलं कशाला केलंस रे, तर म्हणाला "काका, शिमगा चुकला तर वर्ष कशाला काढायचा मी." विशीतला पोरगा आहे, गावात राहिलाय, मुंबईला गेला नाही, आणि वर्षभर ज्या चार दिवसांची वाट बघतो ते चार दिवस आपण त्याच्याकडून काढून घेतोय, कशासाठी तर कुणीतरी रीलखाली काहीतरी लिहिलं म्हणून.

कायद्याचं पण एकदा लिहून ठेवतो, धमकी म्हणून नाही, माहिती असावी म्हणून. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराच्या विरोधातला कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याच समाजातल्या माणसाला धार्मिक कार्यात, मिरवणुकीत भाग घेण्यापासून अडवणं हे त्यात गुन्ह्यात येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीच्या वाळीत टाकण्याच्या तक्रारी कोकणातून किती यायच्या हे पेपर वाचणाऱ्यांना माहीत आहे. माझी अजिबात इच्छा नाही की आपल्या देवळाचा विषय पोलीस ठाण्यात जावा, तात्या-अण्णांच्या वयाच्या माणसांना तिथे बाकड्यावर बसायला लागावं. म्हणून घरातच मिटवूया.

मुंबई मंडळाच्या काकांनो, तुमच्या पैशाने देवळाचं छप्पर झालं, सभामंडपाला लाद्या बसल्या, शिमग्याला तुम्ही तिकिटं मिळत नसताना उभ्याने प्रवास करून येता, याची जाणीव मला आहे आणि तुमच्याबद्दल प्रेम पण आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस मोहल्ल्यातली माणसं आमच्या शेजारी असतात. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर त्यांची गाडी येते, निसर्ग वादळात २०२० साली झाडं पडून रस्ता बंद झाला तेव्हा कोयते-करवती घेऊन दोन्हीकडची पोरं एकत्र उतरली होती, तेव्हा कुणाच्या दाढीकडे बघायला वेळ नव्हता. रीलवर काय दिसतं त्याच्यापेक्षा आम्हाला इथे एकमेकांच्या तोंडाकडे बघून राहायचंय.

माझी मागणी साधी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकर येतील तेव्हाच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिला घ्या. तो ठराव रद्द करा आणि प्रोसिडिंगमध्ये तसं लिहा, "सर्वानुमते" हा शब्द तिथून काढा. ज्याने ठराव मांडला त्याच्याशी माझं वैर नाही, तो पण माझा भाऊ आहे, त्याने समोर येऊन बोलावं, मी ऐकून घेईन आणि मलाही पूर्ण बोलू द्यावं. आणि मीटिंगची वाट न बघता एक काम आजच करा, अध्यक्षांनी स्वतः त्या पोराच्या घरी जाऊन सांगा की वस्तरा लावू नकोस, गळा बरा होऊ दे, शिमग्याला पुढचा दांडा तुझाच आहे.

आपला,
वाडीतलाच एक ग्रामस्थ